कागदाशिवाय आकडा नाही : पोटगीच्या प्रतिज्ञापत्रासाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

कौटुंबिक न्यायालयात पोटगी मागणाऱ्याला आणि जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून ती मागितली जाते त्यालाही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. बेळगावात हे प्रतिज्ञापत्र तयार करून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयाची सेवा मी गेल्या पावसाळ्यात घेतली आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते. माझा दावा अजून चालू असल्याने मी येथे कार्यालयाचे, माझे किंवा आणखी कोणाचे नाव देत नाही. तरीही हे वाचून एखादीला असल्या कार्यालयात काय मागावे, कोणता कागद सोबत न्यावा आणि सही करण्यापूर्वी नेमके काय तपासावे एवढे कळले, तरी माझ्या लिहिण्याचा उपयोग झाला असे मी समजेन.

मी शहरातील एका खासगी मराठी शाळेत शिकवते आणि चौथीत शिकणाऱ्या मुलीसह वडगावात भाड्याच्या घरात राहते. माझे पती कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांचे घर खानापूर तालुक्यात आणि घरची जमीन थोडी तिथे, थोडी हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. आमच्या भागात अशी घरे शेकड्यांनी आहेत, कारण सोयरिकी राज्यांची हद्द पाहून होत नाहीत. कागद मात्र हद्दीपाशी बदलतो, आणि माझे पहिले प्रतिज्ञापत्र नेमके तिथेच फसले.

ते पहिले प्रतिज्ञापत्र मी एका टायपिंगच्या टेबलावर करून घेतले होते. तिथे ६०० रुपये घेतले, अर्ध्या तासात काम झाले आणि मला ते स्वस्त व सोयीचे वाटले. टायपिस्टच्या संगणकावर कोणाचे तरी जुने प्रतिज्ञापत्र होते. त्याने त्यातली नावे बदलली, माझा पगार विचारून घातला आणि खर्चाचे आकडे जुन्याच प्रतिज्ञापत्रातले राहू दिले. सही करताना माझ्या लक्षात आले नाही की मला नसलेल्या दुचाकीच्या पेट्रोलसाठी महिना १,२०० रुपये त्यात लिहिलेले आहेत. माझ्या वकीलबाईंनी ते दुसऱ्या दिवशी वाचले, बाजूला ठेवले आणि मला या दुसऱ्या कार्यालयात पाठवले. तो कागद न्यायालयात दाखल झाला नाही हे माझे नशीब, कारण त्यातले एकेक वाक्य शपथेवर माझ्या नावाने गेले असते.

ही सगळी खटपट का करावी लागते, ते थोडक्यात सांगते. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात सर्व प्रकारच्या पोटगी-प्रकरणांसाठी, त्या वेळी प्रलंबित असलेलीसुद्धा धरून, दोन्ही पक्षांनी ठरावीक नमुन्यात प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक नमुना आहे, शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी वेगळा आहे आणि मेघालयासाठी तिसरा आहे. समोरच्या पक्षाने आपले प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे असते आणि त्यासाठी दोनपेक्षा अधिक तारखा मागता येत नाहीत. मुद्दाम टाळाटाळ होत आहे असे दिसले तर न्यायालय त्याचा बचाव रद्द करण्याचा विचार करू शकते. पोटगी मंजूर झाल्यास ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही त्याच निकालात आहे. पूर्वी असले अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ त्या जागी आले आहे. माझ्या कागदांत दोन्ही क्रमांक पाहून मी घाबरले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालील अंतरिम पोटगीलाही हाच नमुना लागू आहे.

आता कार्यालयाविषयी. न्यायालयाच्या आवारापासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. काम मुख्यतः एक बाई पाहतात. त्यांनी अनेक वर्षे महसुली कागदांचे लिखाण केले आहे, आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा टायपिंग व भाषांतर करतो. त्या वकील नाहीत, आणि हे त्या पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात. किती पोटगी मागावी, दावा कुठे लावावा, तडजोड करावी की नाही, या प्रश्नांवर त्या एक शब्दही बोलत नाहीत. मला आधी त्यांचा हा कोरडेपणा खटकला होता. ज्याचा सल्ला चुकला तर जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर येते त्याने गप्प राहावे हे बरे, असे आता वाटते.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीही टाइप केले नाही. त्यांनी एक छापील यादी दिली आणि पिवळ्या फायलीत ते कागद क्रमाने लावून घेऊन या असे सांगितले: तीन वर्षांचे बँक खात्याचे उतारे बँकेच्या शिक्क्यासह, पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, विमा पॉलिसी असल्यास तिची चालू स्थिती, भाडेकरार, मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, कर्ज असल्यास त्याचा हप्ता, ते कधी आणि कशासाठी घेतले, आणि आयकर विवरणपत्र भरत असल्यास त्याच्या प्रती. या कार्यालयाचा एकच नियम आहे आणि तो त्या प्रत्येक पक्षकाराला ऐकवतात: कागदाशिवाय आकडा नाही. ज्या आकड्यामागे कागद नसेल, तो आकडा एक तर लिहायचा नाही, किंवा तो कशावरून काढला हे त्याच ओळीत सांगायचे. माझ्या मते त्यांच्या सेवेची सगळी किंमत या नियमात आहे, आणि मी दिलेले १,८०० रुपये मला त्याचसाठी जास्त वाटले नाहीत.

जमिनीचे काम त्यांनी ज्या बारकाईने केले ते मी इतरत्र पाहिलेले नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. माझ्या पहिल्या प्रतिज्ञापत्रात पतीच्या घरच्या जमिनीविषयी दोन ओळी होत्या: खानापूरकडे २.१५ एकर आणि चंदगडकडे ०.८० एकर. दोन्ही आकडे उताऱ्यांवरूनच घेतलेले होते आणि दोन्ही चुकीचे होते. कर्नाटकातील आरटीसी उताऱ्यावर, ज्याला आपण पहाणीही म्हणतो, क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे अशा क्रमाने लिहिलेले असते. उताऱ्यावरचे २-१५-०० म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर ते दशांशात २.३७५ एकर होते. टायपिस्टने मधल्या रेघेचा दशांश बिंदू केला, त्याचे दोन एकर सहाच गुंठे झाले, आणि नऊ गुंठे गेले. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. तिथले ०.८० म्हणजे ऐंशी आर, म्हणजे सुमारे एकोणऐंशी गुंठे, एक एकर एकोणचाळीस गुंठे. टायपिस्टने पुढे ‘एकर’ लिहिल्यावर त्याचे बत्तीस गुंठे झाले आणि एक एकर सात गुंठे जमीन कागदावरून नाहीशी झाली. दोन्ही राज्यांचे उतारे रोज हाताळणाऱ्या माणसालाच हे एका नजरेत दिसते, आणि बाईंना ते मी खुर्चीवर बसण्याआधी दिसले.

त्यांनी दोन्ही उतारे नव्याने मागवायला लावले. सातबारा डिजिटल सहीचा १५ रुपयांत घरबसल्या मिळाला. आरटीसी उताऱ्याची ताजी प्रत काढल्यावर असे दिसले की आजेसासऱ्यांच्या मृत्यूनंतरची वारसाची नोंद झालेली आहे, आणि सासरे, पती व दीर अशी तीन नावे एकत्र आहेत. माझ्याजवळची जुनी प्रत त्या नोंदीच्या आधीची होती आणि तिच्यावर पतीचे नावच नव्हते. नवी प्रत पाहिल्यावर मला वाटले की आता ही सगळी जमीन त्यांची म्हणून लिहिता येईल. बाईंनी तसे करू दिले नाही. एकूण क्षेत्र किती, अभिलेखावर नावे कोणाची, वाटणी झालेली नाही, असे तीन वेगळे तपशील त्यांनी लिहिले आणि पतीचा नेमका हिस्सा किती हा प्रश्न न्यायालयासाठी मोकळा ठेवला. उताऱ्यावरील बोजाही त्यांनी सोडला नाही; सोसायटीच्या पीककर्जाची नोंद होती, ती त्यांनी रकमेसह लिहिली. पतीच्या अंगावरचे कर्ज मी माझ्या कागदात का लिहावे, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा की टीचर, उतारा आपणच जोडतोय. उताऱ्यात बोजा आहे आणि आपल्या लिखाणात नाही, हे त्यांचा वकील पहिल्यांदा दाखवील.”

उसाच्या उत्पन्नाबाबतही असेच झाले. माझ्याकडे दोन हंगामांपूर्वीच्या वजनकाट्याच्या काही पावत्या होत्या, कारण त्या काळी घरचा हिशेब मी लिहीत असे. मी त्यांवरून दर गुणून वर्षाचे उत्पन्न काढून आणले होते. बाईंनी पावत्यांच्या प्रती जोडल्या, पावतीवर दिसतो तेवढाच टनांचा आकडा लिहिला, ऊस कोणाच्या नावावर गेला तेही लिहिले, आणि माझा गुणाकार वगळला. शेतीच्या नमुन्यात गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, पिके, जमीन पाण्याखालची की कोरडवाहू, जनावरे किती, दुधाचे उत्पन्न किती, जमीन कोणाला कसायला दिली आहे काय, हे सगळे ज्याचे त्यानेच शपथेवर सांगायचे असते. त्यामुळे पतींनी त्या नमुन्यातही माहिती द्यावी असा अर्ज वकीलबाईंमार्फत करा, एवढे त्यांनी सुचवले. एकमेकांच्या उत्पन्नाची माहिती बहुधा दुसऱ्याला नसते हे त्या निकालातही मान्य केलेले आहे. प्रतिज्ञापत्रातील मजकुरावर वाद असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशाखाली लेखी प्रश्न विचारण्याची आणि कागद हजर करायला लावण्याची परवानगी मागता येते. मला हे माहीत नव्हते. आपल्याला ठाऊक नसलेले सगळे आपणच सिद्ध करायचे आहे, अशा समजुतीत मी कित्येक रात्री घालवल्या होत्या.

आता माझ्या स्वतःच्या उत्पन्नाविषयी. शाळेचा पगार ११,५०० रुपये आहे आणि तो बँकेत जमा होतो, त्यामुळे त्यात काही अडचण नव्हती. पण संध्याकाळी घरी सात मुले शिकवणीला येतात आणि प्रत्येकाचे ५०० रुपये मिळतात. हे उत्पन्न लिहू नये असे मला घरून आणि ओळखीच्या दोघा-तिघांकडून सांगण्यात आले होते आणि माझाही कल तिकडेच होता. बाईंनी माझा बँकेचा उतारा उघडला, पेन्सिलीने प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या पाचशे-पाचशेच्या रकमांवर खुणा केल्या आणि उतारा माझ्यापुढे ठेवला. या रकमा कशाच्या, हे आता ठरवा, एवढेच त्या म्हणाल्या. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास तो फौजदारी गुन्हा आणि न्यायालयाचा अवमानही ठरू शकतो, हे नमुन्यातील घोषणेतच लिहिलेले आहे. पण माझा निर्णय त्या भीतीने झाला नाही. पतींनी जादा कामाचे पैसे लपवले याचा राग घेऊन मी न्यायालयात आले होते, आणि शिकवणीचे साडेतीन हजार लपवले असते तर तो राग बोलून दाखवण्याचा अधिकार मला उरला नसता. मी ते उत्पन्न लिहिले. मे महिन्यात शिकवणी बंद असते, म्हणून अकरा महिन्यांची सरासरी काढून त्यांनी ते नेमके मांडले, आणि तसे मांडल्याचे कारणही त्याच ओळीत दिले.

खर्चाच्या रकान्यात त्यांनी माझे तीन आकडे कमी केले आणि दोन वाढवले. रोजच्या बसभाड्याचे मी ९०० रुपये लिहिले होते. जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील साध्या सरकारी बसने स्त्रियांना भाडे पडत नाही आणि मी त्याच बसने शाळेत जाते, म्हणून तो आकडा गेला. मुलीच्या रिक्षाचा मात्र राहिला. पहिल्या टायपिस्टने घातलेले पेट्रोल अर्थातच गेले. उलट मुलीच्या दम्याच्या औषधांचा खर्च मी सवयीने कमी सांगितला होता, तो बिलांची बेरीज केल्यावर जवळजवळ दुप्पट निघाला. गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये मला मिळतात काय, असेही त्यांनी विचारले. आमच्या शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाईंचे नाव असल्याने ते पैसे त्यांच्या खात्यात जातात. म्हणून हे माझे उत्पन्न नाही, एवढी ओळ शिधापत्रिकेच्या प्रतीसह जोडली. गल्लीतल्या भिशीचे आणि बचत गटाचे पैसेही त्यांनी आठवणीने विचारले. भिशी उचललेली असेल तर पुढचे हप्ते हे देणे ठरते, उचललेली नसेल तर भरलेली रक्कम ही बचत असते, हा फरक मला त्यांच्याकडून कळला.

दागिन्यांचा विभाग मला मनाने सर्वांत कठीण गेला. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर मिळालेले दागिने नमुन्यात सांगायचे असतात. माझे बरेचसे दागिने सासरी राहिले आहेत. आईने जपून ठेवलेली यादीची वही मी घेऊन गेले. तिच्यात मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी आणि बोरमाळ अशी नोंद होती, वजन तोळ्यांत. बाईंनी विचारले की हे कोणते तोळे? आज सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतात, जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. माझ्या पाटल्या आईच्या पाटल्या मोडून केलेल्या होत्या आणि वहीत आईने जुनेच वजन लिहिले होते. ज्या तीन दागिन्यांची सराफाची बिले सापडली, त्यांचे वजन ग्रॅममध्ये बिलाप्रमाणे लिहिले. पाटल्या आणि ठुशी यांच्यापुढे वजन अंदाजे असल्याचे लिहून लग्नातील छायाचित्रे जोडली. आणि कोणता दागिना कोणाच्या ताब्यात आहे याचा वेगळा रकाना केला. त्या दिवशी मी मध्येच उठून बाहेर गॅलरीत उभी राहिले होते. त्यांनी घाई केली नाही, टाइप करणाऱ्या मुलाला दुसरे काम दिले आणि मी परत येईपर्यंत ते पान तसेच ठेवले.

पतीच्या उत्पन्नाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते सांगण्यासाठी नमुन्यात स्वतंत्र विभाग आहे. तिथे ‘महिना साठ हजार मिळवतात’ अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात असे ऐकले होते. आमच्याकडे पतीच्या पगाराची दोन जुनी पत्रके होती. त्यांवरचा आकडा, पत्रकाची तारीख, आणि त्यानंतरची माहिती माझ्याजवळ नाही, असे त्यांनी लिहिले. वाचताना ते दुबळे वाटले होते. वकीलबाईंना मात्र तोच विभाग सर्वांत पसंत पडला, कारण उलटतपासणीत मला ‘हे तुम्हाला कसे माहीत’ असे विचारण्यासारखे एकही वाक्य त्यात उरले नव्हते.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली वेळेची. मला पाच खेपा घालाव्या लागल्या आणि नऊ दिवस लागले. त्यांतल्या दोन खेपा केवळ भाषांतर तयार नसल्याने फुकट गेल्या, आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून येणाऱ्या बाईसाठी हा मोठा भुर्दंड आहे. फोन करून येत जा, असे त्या सांगतात, पण फोन दुपारनंतर लागत नाही. दुसरी उणीव पैशांची. १,८०० रुपयांत भाषांतर धरलेले नाही, हे मला शेवटच्या दिवशी कळले; सातबारा, वहीची पाने आणि भाडेकरार यांच्या भाषांतराचे पानाला ६० रुपये वेगळे पडले, नोटरीचे वेगळे आणि झेरॉक्सचे वेगळे. पावती त्यांनी प्रत्येक रकमेची दिली, पण एकूण खर्च पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. पक्षकाराकडून प्रत्येक आकड्याचा कागद मागणाऱ्या कार्यालयाने आपल्या दराचाही कागद भिंतीवर लावावा, असे मी त्यांना सांगितले आहे.

तिसरी उणीव भाषेची आहे आणि मला ती सर्वांत जास्त टोचते. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार होते, कन्नडमध्येही करून मिळते. मला कन्नड बोलता येते, महसुली कन्नड वाचताना मी अडखळते, इंग्रजी बऱ्यापैकी समजते. म्हणून माझे निभावले. पण माझ्याच वेळी तिथे येळ्ळूरकडच्या एक मावशी आल्या होत्या, त्यांना दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. बाईंनी त्यांना सगळा मजकूर मराठीतून वाचून दाखवला, प्रत्येक आकड्यावर थांबून होकार घेतला आणि तो मराठीतून समजावून सांगितल्याची नोंद शेवटी केली. नियमाप्रमाणे एवढे पुरेसे आहे. तरी घरी नेऊन मुलाला, भावाला दाखवता येईल अशी मराठी प्रत त्यांच्या हातात पडली नाही. शपथ घेणाऱ्याला आपली शपथ वाचता आली पाहिजे. दाखल करायच्या प्रतीची भाषा न्यायालयाची असू दे, पण घरी ठेवायची मराठी प्रत देणे या कार्यालयाला अवघड नाही, कारण मूळ टिपणे ते मराठीतच काढतात. मी मागितल्यावर मला त्या टिपणांची झेरॉक्स दिली गेली. न मागणाऱ्यांनाही ती मिळायला हवी.

काही गोष्टी मात्र तिथे न मागता मिळतात. मी असताना काजूच्या कारखान्यात रोजंदारीवर काम करणारी एक तरुणी आली. तिच्याकडे खाते होते, पण त्यात काही नव्हते. बाईंनी तिला सांगितले की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, दारिद्र्यरेषेखालील किंवा रोजंदारीवरील पक्षकारांना या प्रतिज्ञापत्राची सक्ती नाही असे त्याच निकालात म्हटले आहे, तेव्हा आधी वकिलांना विचारून घे. वकील देण्याची ऐपत नाही असे ती म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या, म्हणजे १९८७ च्या कायद्याच्या, कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. त्या तरुणीकडून त्यांनी एक रुपयाही घेतला नाही. खरे म्हणजे हे मलाही लागू होते. कोणी आधी सांगितले असते तर मीही तिथूनच सुरुवात केली असती. ज्यांचे कागद साधे आहेत, म्हणजे एक नोकरी, एक खाते आणि एकाच राज्यातली मालमत्ता, त्यांनी आधी तिथे जावे असे मी म्हणेन. दोन राज्यांत जमीन, एकत्र कुटुंबाचे उतारे, नोंदींतली वेगवेगळी नावे असा गुंता असेल, तर या कार्यालयाचे पैसे वसूल होतात.

दाखल केल्यानंतरच्या तारखांना काय झाले, तेही सांगते. पतींनी आपले प्रतिज्ञापत्र पहिल्या तारखेला दिले नाही, दुसऱ्या तारखेला दिले. त्यात जमिनीचा रकाना ‘निरंक’ होता. वकीलबाईंनी आमची फाइल उघडून दोन्ही उतारे आणि त्यांची भाषांतरे न्यायालयापुढे ठेवली, आणि शेतीच्या नमुन्यात माहिती देण्यासाठी पतींना वेळ देण्यात आला. माझ्या बाजूला त्यांच्या वकिलांनी शिकवणीविषयी विचारले. ते पान क्रमांक सहावर लिहिलेले आहे, असे उत्तर मला देता आले, आणि पुढचा प्रश्न आला नाही.

दिवाळीनंतर शाळेने माझा पगार ८०० रुपयांनी वाढवला. परिस्थितीत बदल झाल्यास तो न्यायालयाला कळवीन, असे आपण घोषणेत लिहून दिलेले असते, म्हणून मी पुन्हा त्या दोन खोल्यांत गेले. पुरवणी प्रतिज्ञापत्राचे ३०० रुपये घेतले. या वेळी मी जिना चढून वर आल्याबरोबर बाईंनी एकूण खर्च कागदावर लिहून दिला, भाषांतर नसल्याचेही त्यात लिहिले होते, आणि सोबत मराठी टिपणाची प्रत होती.